साहेबांच्या खाणीचं गाऱ्हाणं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील रत्नागिरीतल्या एका छापखान्यात कामाला होते आणि छपाईत बिघडलेली पत्रकं ते घरी आणत. फडताळात पत्रक, डब्यांखाली पत्रक, माझ्या वह्यांना कव्हर म्हणून पत्रक. वर्गातली मुलं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. मच्छीमारांचा मोर्चा, एसटीचा संप, नको असलेला प्रकल्प हे सगळं मला आधी कागदावर भेटलं आणि मग जगात. कुणाला मजकूर जमत नसेल तर वडील तो लिहूनही देत, फुकट. ते म्हणत, "पत्रकात तीन गोष्टी आल्या पाहिजेत. कुणी केलं, कुणाचं गेलं, आणि सभा कुठे आहे. बाकी सगळी शाई."

आमच्या गावाबद्दल पत्रक लिहायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी पहिल्याच गोष्टीला अडले. कुणी केलं?

गाव शहरापासून आत आहे. वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, खाली आमची वाडी आणि मधल्या उतारावर झरा. सडा पावसाळाभर पाणी पितो आणि मग वर्षभर ते जपून जपून खाली सोडतो. वाडीच्या नळाची टाकी त्याच झऱ्यावर भरते. सड्याच्या पार पलीकडच्या टोकाला चिऱ्याची खाण होती. दगड कापायची यंत्रं आली आणि खाण झऱ्याच्या दिशेनं चालत यायला लागली. मागच्या वैशाखात नळाला लाल पाणी आलं. माझी काकी म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिनं हंडा माझ्यासमोर वाकडा करून दाखवला. म्हणाली, "बग गो. आमटीत मसाला टाकायची गरजच नाय. रंग नळातनंच येतोय."

खाण कुणाची हे वाडीतल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. ती साहेबांची होती.

साहेब आमच्याच गावचे. एका लहानशा खात्याचे मंत्री होते, तेही थोडाच काळ, मग सरकार गेलं. पण मंत्रीपद हे फणसाच्या चिकासारखं असतं, एकदा हाताला लागलं की नुसत्या पाण्यानं सुटत नाही. आजही त्यांच्या गाडीला लोक रस्ता देतात, आज्या पदर सावरतात, आणि सत्काराच्या फलकावर 'माजी' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात छापतात की वडिलांच्या छापखान्यात त्यासाठी वेगळा टाइप ठेवावा लागेल. साहेब भाषणात हात जोडून सांगतात, "मी साधा शेतकरी. माझा धंदा एकच, समाजसेवा." निवडणुकीच्या कागदावरही व्यवसायाच्या पुढे हेच दोन शब्द असतात, शेती आणि समाजसेवा.

हे खोटं आहे असं कुणाला सिद्ध करता येणार नाही, कारण साहेबांच्या नावावर खरोखरच काही नाही. त्यांच्या घरी लग्न ठरलं की आम्ही मुलगा काय करतो हे विचारत नसू, कुठला धंदा निघणार हे विचारत असू. मेव्हण्याच्या नावावर बंदरातला बर्फाचा कारखाना. साडूच्या नावावर भाट्याच्या किनाऱ्याजवळचं लॉज. सुनेच्या नावावर काजूची फॅक्टरी. ड्रायव्हरच्या नावावर डंपर. तो बिचारा साहेबांची गाडी चालवताना मागून डंपरचा हॉर्न ऐकू आला की दचकून बाजूला व्हायचा, आणि आपण आपल्याच डंपरला वाट दिली हे त्याच्या कधी लक्षातही यायचं नाही. चिऱ्याची खाण होती व्याह्यांच्या नावावर. व्याही घाटावरचे. त्यांनी आमचा सडा कधी पाहिलाही नसेल.

मी पत्रक लिहिलं. 'खाण साहेबांची!!!' अशी सुरुवात केली. वडिलांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "पुरावा?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, बाबा."

"गावाला माहीत असणं हा पुरावा नव्हे. ती चहाबरोबरची गोष्ट झाली. नाव छापलंस की नोटीस येईल, आणि ती तुला येणार नाही, छापखान्याच्या मालकाला येईल." मग त्यांनी पेन्सिलीनं दोन उद्गारचिन्हं खोडली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

तिकडे खाणीनं पुढचा अर्ज टाकला होता. झऱ्याच्या डोक्यावरची जागा हवी होती, आणि त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत. सभा शिमग्यानंतर ठरली. शिमग्यात आमच्याकडे सभा घेत नाहीत, कारण त्या दिवसांत गावाचा कारभार देवीकडे असतो.

शिमग्याला देवी पालखीत बसून सगळ्या वाड्यांमधून फिरते, घराघरात जाते. पालखी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, टेकली की घरमालक नारळ घेऊन पुढे उभा राहतो आणि गावाचा मानकरी त्याच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालतो. घरात कोण आजारी, कुणाचं लग्न अडलंय, कुणाची मुंबईतली नोकरी डळमळतेय, सगळं मोठ्यानं. प्रत्येक मागणीला जमलेले लोक एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" देवी बाई आहे आणि आम्ही तिला महाराजा म्हणतो, यात आजवर कुणाला वावगं वाटलेलं नाही. पण दोन नियम कडक आहेत. गाऱ्हाणं सुरू झालं की ते संपेपर्यंत मधे दुसऱ्यानं बोलायचं नाही. आणि जे गाऱ्हाण्यात आलं नाही, त्याची राखण देवीवर नाही.

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या काकांचा.

साहेबांच्या घरी पालखी दुपारी पोचली. खळ्यात आता सिमेंटचे रंगीत ठोकळे बसवलेत, त्यामुळे अनवाणी नाचणाऱ्यांचे पाय भाजत होते. पालखी नाचून टेकली. काकांनी घाम पुसला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काय सांगू देवीला?"

"नेहमीचंच. शेतीवाडी, मुलंबाळं," साहेब म्हणाले.

"थांबा!" मागून वहिनीसाहेब पुढे आल्या. साहेबांच्या पत्नीला सगळं गाव वहिनीसाहेब म्हणतं. बाई देवभोळी आणि स्पष्ट. राजकारणाच्या घरात तीस वर्षं काढूनही तिला खोटं बोलायचं वळण लागलेलं नाही, कारण तिला कधी कुणी माईकच दिला नाही. "गेल्या वर्षी तेच सांगितलंत आणि ऐन हंगामात बर्फाचा कॉम्प्रेसर बसला. बंदरात लोकांची मासळी सडली. दादा, या वर्षी बर्फाचा कारखाना नावानिशी सांगा."

"अगं, तो मेव्हण्याचा आहे," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

"मग देवी मेव्हण्याचं भलं करील. आपला कॉम्प्रेसर कोण बघणार?"

काकांनी मान हलवली. देवीच्या कामात काका फार काटेकोर. "वहिनी बरोबर बोलते, साहेब. देवी कागद वाचीत नाय. ज्याच्या घरात पैसा येतो त्याचा नाव घ्यावा लागतो. नाय तर आशीर्वाद भलत्याच घरी जातो."

"दादा, आपण हे नंतर..."

पण काकांनी हात जोडून डोळे मिटले होते. साहेबांच्या हातात नारळ होता, आणि गाऱ्हाणं सुरू झालं होतं.

"आई माउली, बारा पाचांची तू मालकीण! आज ह्या तुझ्या लेकराच्या खळ्यात येऊन बसलीस..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्याचा बंदरावरचा बर्फाचा कारखाना हाय. नाव मेव्हण्याचा, कारखाना ह्याचा. त्यात काय इडापिडा असंल ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"भाट्याच्या बाजूचा लॉज, नाव साडूचा, लॉज ह्याचा. गिऱ्हाईक येऊ दे, आलेला पैसे देऊन जाऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

काजूची फॅक्टरी झाली. डंपर झाले. ड्रायव्हर गर्दीतच उभा होता. आपल्या डंपरांना त्यानं सगळ्यात मोठ्यानं व्हय म्हटलं. साहेबांच्या चेहऱ्यावर भक्ताचे भाव होते आणि कानशिलावर घाम. त्यांनी नारळ इतका घट्ट धरला होता की तो फोडायची गरज उरली नसती. ज्या माणसानं विधानसभेत विरोधकांना पाच मिनिटं सलग बोलू दिलं नाही, तो आपल्याच खळ्यात तोंड मिटून उभा होता.

वहिनीसाहेबांनी मागून काकांच्या खांद्याला बोट लावलं. "खाण. खाण राहिली."

"सड्यावरची चिऱ्याची खाण," काका म्हणाले, "नाव व्याह्यांचा, खाण ह्याची. आई, ती भरभराटीला येऊ दे."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. ओरडून म्हटलं. लहानपणापासून ती लय अंगात मुरलेली आहे. मागणी ऐकायच्या आधी उत्तर बाहेर पडतं. तोंड मिटलं तेव्हा लक्षात आलं की आत्ता मला माझ्या पत्रकाचा पुरावा मिळाला, आणि तो हातात राहिलेला नाही. पालखी नाचताना सगळ्यांचे मोबाईल वर असतात. गाऱ्हाण्याला सगळ्यांचे हात जोडलेले असतात.

नारळ फुटला. सरबत फिरलं. मला वाटलं, साहेब आता घरात जाऊन दार लावतील. पण मंत्रीपद उगाच मिळत नाही. एक पेला सरबत पोटात जाईपर्यंत त्यांनी पराभवाचा विजय करून घेतला. पायरीवर उभं राहून ते म्हणाले, "मंडळी, आज माझं मन भरून आलं. खाणीची भरभराट व्हावी म्हणून सगळ्या गावानं देवीसमोर शब्द दिला. असा गाव मिळायला भाग्य लागतं." मग माझ्याकडे वळून, "काय गो लेखिकाबाई? तुझा आवाज तर सगळ्यांच्या वर होता. आता पत्रक कशाला काढतेस? देवीपेक्षा मोठा छापखाना आहे काय तुझ्या बापाचा?"

लोक हसले. हसता हसता एकेकाच्या लक्षात यायला लागलं आणि हसू विरत गेलं. देवीपुढे व्हय म्हणून आठवड्यानं ग्रामसभेत नाय म्हणायचं? आमच्या गावात माणूस पोलिसाला टाळतो, बँकेला टाळतो, बायकोला टाळतो. देवीला दिलेला शब्द टाळलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

काकी गर्दीच्या कडेला उभी होती. तिनं सरबताचा पेला न पिता तसाच भिंतीवर ठेवला आणि घरी निघून गेली.

त्या दिवसापासून तिनं काकांशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द माझ्यामार्फत. मी शिमग्यासाठी गावी आले होते, ती त्या दोघांची पोस्टमन झाले.

"सांग तुज्या काकाला, माझा झरा त्यानं देवीपुढे विकला."

काका तिथेच, हातभर अंतरावर, भाकरी मोडत. "सांग तिला, मी माझ्या मनचा काय बोललो नाय. घरमालक सांगतो ते मी बोलतो."

"सांग त्याला, तर मग रेडिओ ठेवा पालखीपुढे. तो पन दुसऱ्याचाच बोलतो."

काकांनी भाकरी ताटात ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना झऱ्यावर बसलेले पाहिले. नुसते बसले होते, पायांपाशी पाणी वाहत होतं, आणि ते त्या पाण्याकडे गुन्हेगारासारखे बघत होते.

मी रोज नवं पत्रक लिहीत होते आणि रोज फाडत होते. 'देवीच्या साक्षीने उघड झालेले सत्य' असं एकदा लिहिलं, वडील फोनवर म्हणाले, "देवीला कोर्टाचं समन्स काढता येत नाही गो." मग एका सकाळी चुलीशी बसल्या बसल्या काकीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "विचार काकाला, गाऱ्हाण्यात खाणीला नाव कुणाचा घेतला होता?"

"सांग तिला, साहेबांचा. व्याह्यांच्या नावावर हाय पन साहेबांची, असा."

"असाच? नक्की?"

"सांग तिला, चाळीस वर्सा गाऱ्हाना घालतोय. शब्द इकडचा तिकडे होत नाय."

"बरा," काकी म्हणाली, आणि फुंकणी उचलली.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. एरवी सभेला कोरम होईपर्यंत शिपाई घरोघर फिरतो. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. साहेब पुढे खुर्चीवर होते. व्यासपीठावर बसा म्हटल्यावर ते म्हणाले, "नको, मी इथे एक सामान्य ग्रामस्थ म्हणून आलोय." सामान्य ग्रामस्थांपैकी खुर्ची मात्र त्यांनाच मिळाली होती. ग्रामसेवकानं अर्ज वाचला, अर्जदार म्हणून घाटावरच्या व्याह्यांचं नाव वाचलं.

साहेब उठले. रोजगारावर बोलले, विकासावर बोलले, चिरा ही कोकणची शान यावर बोलले. मग ग्रामसेवकाकडे बघून म्हणाले, "आणि हे नीट लिहून घ्या. काही लोक माझं नाव या खाणीशी जोडतात. माझा या खाणीशी काडीचाही संबंध नाही." सवय ही अशी असते. कुणी विचारलंही नव्हतं. मग आवाज खाली आणून हात जोडले. "बाकी, देवीसमोर आपण सगळ्यांनी शब्द दिलाच आहे. तो पाळायचा की मोडायचा, तुमचं तुम्ही ठरवा."

मी उठणार होते. माझ्याकडे वडिलांचे तीन मुद्दे होते, आकडेवारी होती, उद्गारचिन्हं होती. पण माझ्या आधी काकी उठली. डोक्यावर पदर घेतला आणि घरातल्या दिरांशी बोलावं तशी बोलली.

"भावजी, एक विचारू? त्या दिवशी आमी व्हय म्हटला तो कुनाच्या खाणीला?"

साहेब हसले. "वहिनी, देवीचं काम वेगळं, सभेचं काम वेगळं."

"वेगळा कसा? आत्ता तुमीच देवीचा नाव काढलाव. माझ्या घोवान गाऱ्हान्यात सांगितला, खाण साहेबांची. आमी साहेबांच्या खाणीला व्हय म्हटला. आता तुमी सांगताव, माझी खाण नाय. मग आमचा व्हय गेला कुटं? घाटावरच्या मानसाला आमी कदी शब्द दिला?"

कुणीतरी मागून खाकरलं. काकी थांबली नाही.

"तुमची असंल तर ह्या अर्जावर तुमचा नाव लिवा. आमी शब्द मोडनार नाय, पानी गेला तरी मोडनार नाय. आनि तुमची नसंल, तर देवीला आमी ह्या खाणीचा काय बोललोच नाय. मग आमाला नाय म्हणायला मोकळीक हाय. तुमी फक्त एवढा सांगा, खोटा कुनाशी बोललाव? तिच्याशी, का आमच्याशी?"

साहेबांनी तोंड उघडलं. माझी खाण म्हणावं तर शेती आणि समाजसेवा गेली. माझी नाही म्हणावं तर, आणि इथे बायकांच्या बाजूनं वहिनीसाहेबांचा आवाज आला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेला:

"अहो, नाही म्हणू नका. अख्खं गाऱ्हाणं फुकट जाईल."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, कुणाचा तरी फोन येतोय असं दाखवलं, आणि बोलत बोलत पायऱ्या उतरून गाडीत बसले. फोनचा पडदा काळा होता.

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. ना-हरकत नाकारली गेली. काकांनीही हात वर केला, आणि तो वर असतानाच कडेला बसलेल्या काकीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पण संध्याकाळी चहाचा कप तिनं त्यांच्यासमोर ठेवला आणि माझ्याशी नव्हे, त्यांच्याशी बोलली. म्हणाली, "साखर बगा." मी पोस्टमनच्या नोकरीतून मोकळी झाले.

खाण बंद झालेली नाही. पलीकडच्या टोकाला ती अजून चिरे कापते, व्याह्यांच्या नावानं. माझं पत्रक निघालं. काकीनं सभेत विचारलेला शेवटचा प्रश्न तेवढा छापला, आणि खाली झऱ्याचा पत्ता. वडील म्हणाले, नोटीस यायला यात नाव कुठे आहे? साहेब पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागलेत. शेतकरी म्हणून.

वहिनीसाहेब मात्र आठवड्याभरात आमच्याकडे आल्या, मागच्या दारानं, हातात नारळ घेऊन. काका पडवीत सुपाऱ्या निवडत बसले होते.

"दादा, एकच विचारायचं होतं. ते सभेत नाही म्हणाले ते आधी. शेवटी तर गप्पच बसले ना? देवीकडे गप्प बसणं म्हणजे काय धरतात?"

काकांनी विचार केला. "सरकारात काय धरतात?"

"सरकारात गप्प म्हणजे होय."

"मग देवीकडंबी तोच."

वहिनीसाहेबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. काकीनं त्यांना गूळ आणि पाणी आणून दिलं. दोघींत काही झालंय असं दोघींच्याही वागण्यात नव्हतं. वहिनीसाहेबांनी तांब्या संपवला.

"झऱ्याचं ना हे? किती गोड लागतं. आम्हाला कुठलं मिळायला. आमच्याकडे सगळं बाटलीचं. घरचंच ते, मुलानं आता नवीन फॅक्टरी काढलीय ना पाण्याची, पावसच्या रस्त्याला..."

काकांचा सुपारीवरचा हात थांबला. "पान्याची फॅक्टरी? ती गाऱ्हान्यात नव्हती."

वहिनीसाहेबांनी तांब्या खाली ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.